वाचकांचे प्रश्न : रामेन, रस्सा आणि रांग

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये रामेन या सुपातल्या नूडल्सच्या जपानी पदार्थाविषयीची पत्रे लक्षणीय आहेत आणि त्यांपैकी बहुतेक कोल्हापूर व परिसरातून आलेली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना, पत्रलेखकांची नावे वगळून, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आम्हा दोघांना तिथल्या एका फार गाजत असलेल्या रामेन रेस्तराँमध्ये नेले. पाऊण तास फुटपाथवर उभे राहिलो, एका बाऊलचे करासह सातशेच्या वर रुपये मोजले आणि खाऊन होते न होते तोच वेटरने न मागता बिल आणून ठेवले. सूप संपल्यावर थोडे आणखी वाढायला सांगितले, तर ‘सूप परत मिळत नाही, हवे तर नूडल्स मिळतील, त्यांचे पैसे वेगळे’ असे उत्तर मिळाले. आपल्याकडे खानावळीत रश्श्याच्या वाट्या कोणी मोजत नाही. ही तिकडची पद्धतच आहे, की आमची फसवणूक झाली?
(एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : फसवणूक झालेली नाही, मात्र जे दारातच सांगायला हवे होते ते त्या मंडळींनी सांगितले नाही, ही आपली तक्रार रास्त आहे.

प्रथम सुपाविषयी. रामेनच्या बाऊलमध्ये तळाशी ‘तारे’ नावाचा खारट अर्क मोजून घातलेला असतो. तो सोया सॉसचा, मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) किंवा नुसत्या मिठाचा असतो आणि त्यावरूनच शोयू, मिसो व शिओ ही रामेनची नावे पडली आहेत. त्या अर्कावर सुवासिक तेल, मग जवळजवळ बिनमिठाचे उकळते सूप, मग नूडल्स आणि शेवटी मांसाचे काप, अंडे, कांद्याची पात, असा क्रम असतो. सूप आणि तारे यांचे प्रमाण ठरलेले असल्यामुळे वरून नुसते सूप वाढले तर सगळा बाऊल अळणी होतो, आणि तारेसकट वाढले तर तो दुसराच बाऊल होतो, ज्याचे पैसे दुकानदाराने का सोडावेत, हा प्रश्न उरतो. शिवाय हे सूप तासन् तास हाडे उकळून काढलेले असते आणि त्या दिवशीच्या पातेल्यात जेवढे बसेल तेवढेच असते. जपानमधली कित्येक लहान दुकाने सूप संपले की वेळेआधीच दार लावून घेतात.

उलट नूडल्स जास्तीच्या मागण्याची चाल खुद्द जपानमध्येच आहे. फुकुओका शहरातल्या नागाहामा मासळी बाजारातील कामगारांना थांबायला वेळ नसे, म्हणून तिथे झटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स आल्या. बारीक नूडल्स गरम सुपात लवकर फुगतात, म्हणून एका वेळी थोड्याच वाढायच्या आणि उरलेल्या सुपात दुसरा घाणा घ्यायचा, अशी ‘काएदामा’ची पद्धत रुळली. म्हणजे कोल्हापुरात रस्सा मोकळा आणि भाकरी-चपाती हिशेबात, तर तिथे सूप हिशेबात आणि नूडल्स मागाल तशा. सूप शेवटपर्यंत पुरवून वापरायचे असते, हे कोणी आधी सांगितले असते तर आपण ते लवकर संपवले नसते.

घाईचेही कारण पदार्थातच आहे. उकळत्या सुपात पडलेल्या नूडल्स दहा मिनिटांनी मऊ पडू लागतात, त्यामुळे काउंटरपुढच्या आठ-दहा खुर्च्यांवर बसून पंधरा-वीस मिनिटांत खाऊन उठणे हा जपानमधला शिरस्ता आहे. पण तिथे रामेन हे कष्टकऱ्यांचे आणि रात्री उशिरा घरी परतणाऱ्या नोकरदारांचे जेवण आहे. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली निघालेले ‘रायरायकेन’, ज्याला रामेनचे पहिले दुकान मानतात, ते योकोहामाच्या चिनी वस्तीतले स्वयंपाकी आणून चालवलेले स्वस्त उपाहारगृहच होते. रामेनला संध्याकाळच्या खास जेवणाचा थाट अलीकडे आला: न्यूयॉर्कमध्ये २००४ साली शेफ डेव्हिड चँग यांचे ‘मोमोफुकु नूडल बार’ उघडले, फुकुओकाच्या ‘इप्पुदो’ने २००८ साली तिथेच शाखा काढली आणि २०१५ साली टोकियोच्या ‘त्सुता’ या छोट्या दुकानाला ‘मिशलिन’ या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला. आपल्याकडच्या महानगरांत जी आधुनिक रामेन रेस्तराँ दिसतात, ती या दुसऱ्या घराण्यातली आहेत. त्यांची अडचण अशी की मंद दिवे, मऊ कोच, आधी स्टार्टर आणि सोबत कॉकटेल, असा निवांतपणा त्यांना विकायचा असतो आणि टेबल मात्र काउंटरच्या वेगाने रिकामे करायचे असते. हे दोन्ही एका छपराखाली नीट नांदत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘टेबल एवढ्याच वेळासाठी आहे’ असे रांगेतच सांगितले तर कोणी दुखावणार नाही. न मागता बिल पुढे सरकवणे हा असभ्यपणा आहे, मग स्वयंपाक कितीही चांगला असो.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की जपानमध्ये रामेनचा बाऊल एक हजार येनांच्या पलीकडे नेऊ नये, असा दुकानदारांमध्ये वर्षानुवर्षे एक अलिखित दंडक आहे, आणि महागाईमुळे तो आता मोडू लागला आहे. एक हजार येन म्हणजे सध्याच्या दराने साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये. तेव्हा सातशे ही रक्कम त्या मानाने फारशी अवाजवी नाही. पण तिथे ते रोजच्या जेवणाचे मोल आहे आणि इथे ते सणासुदीच्या खर्चात मोडते, हा फरक राहतोच.

प्रश्न : टोनकोत्सू रामेनचा रंग हुबेहूब आपल्या पांढऱ्या रश्श्याचा दिसतो. दोन्ही हाडांच्या पाण्यावरच होत असतील, तर पांढऱ्या रश्श्यात नूडल्स घातल्या की रामेन झाले, असे म्हणायला हरकत आहे का? घरी करून पाहायचा विचार आहे.
(एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : हरकत आहे, कारण रंग सारखा असला तरी तो येतो वेगळ्या वाटेने. पांढऱ्या रश्श्यात मटणाचे अळणी पाणी हा पाया असतो आणि शुभ्रपणा नारळाचे दूध, काजू, खसखस आणि तीळ यांच्या वाटणातून येतो. टोनकोत्सूमध्ये वाटण मुळीच नसते. डुकराची हाडे एकदा उकळून ते पहिले पाणी टाकून देतात, हाडे धुऊन पुन्हा चढवतात आणि मग बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ खळखळ उकळत ठेवतात. हाडांतील आणि कातडीतील कोलॅजेन या प्रथिनाचे चिकट जिलेटिन होते, उकळीच्या घुसळणीने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि जिलेटिन त्या थेंबांना एकत्र येऊ देत नाही. या थेंबांवरून प्रकाश विखुरतो आणि सूप दुधासारखे पांढरे दिसते. तीच हाडे मंद आचेवर ठेवली तर सूप पारदर्शक राहते. क्यूशू बेटावरील कुरुमे या गावात १९३७ साली टोनकोत्सूची पहिली गाडी लागली, आणि आजचा दाट पांढरा प्रकार त्याच गावात १९४७ साली सूप चुकून जास्त वेळ उकळत राहिल्यामुळे जन्माला आला, अशी हकिकत सांगितली जाते.

साम्य शोधायचेच असेल तर ते रंगापेक्षा बांधणीत आहे. आपल्याकडे एकाच अळणीतून तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से निघतात. रामेनच्या दुकानातही एकाच सुपावर वेगवेगळे तारे घालून वेगवेगळे बाऊल तयार होतात. कोल्हापूरच्या सुगरणीला हे वेगळे शिकवावे लागू नये.

घरी करताना मटणाच्या हाडांचा मोह टाळावा, असे सुचवतो. बोकडाची चरबी किंचित निवली तरी थिजून टाळूला चिकटते आणि तिचा वास बाकी सगळ्यावर चढतो. कोंबडी अधिक सोयीची आहे आणि जपानमध्येही कोंबडीचे पांढरे सूप करतात. चिकनच्या दुकानात पाय, पंख आणि पाठीचा सांगाडा स्वस्तात मिळतो. त्यातही पाय जास्त घ्यावेत, कारण जिलेटिन तिथेच असते. किलोभर हाडे आधी दहा मिनिटे उकळून, पाणी टाकून, धुऊन घ्यावीत. मग अडीच लिटर पाणी, आले आणि कांद्याच्या पातीसह प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर दीड तास ठेवावीत. कुकर उघडल्यावर झाकण न लावता मोठ्या आचेवर अर्धा तास खळखळू द्यावे आणि पळीने हाडे ठेचत राहावे. पांढरेपणा या शेवटच्या अर्ध्या तासात येतो, म्हणून तो वगळू नये. मीठ सुपात न घालता बाऊलमध्ये सोया सॉसच्या रूपाने घालावे. अंडे साडेसहा मिनिटे उकळून, सोलून, सोया सॉस, पाणी आणि थोडी साखर यांच्या मिश्रणात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की बलक मधासारखा राहतो.

वरून कांदा-लसूण मसाला कोमट तिळाच्या तेलात भिजवून चमचाभर सोडला तर चालेल का, असे आपण पुढे विचाराल, म्हणून आधीच सांगतो की खुशाल सोडावा. चीनच्या सिचुआन प्रांतातून आलेल्या तानतानमेन या प्रकारात तिळाचे वाटण आणि मिरचीचे लालभडक तेल असतेच, आणि मुळात रामेन हाच जपान्यांनी चिनी नूडल्समध्ये केलेला बदल आहे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. मुलींच्या आग्रहाखातर मुंबईत एका रामेन रेस्तराँमध्ये जाणार आहोत आणि मेनूमध्ये ‘व्हेज रामेन’ दिसते. नूडल्स पिवळ्या असतात त्याअर्थी त्यांत अंडे असते का?
(एक गृहिणी, जयसिंगपूर)

उत्तर : पिवळेपणावरून अंड्याचा निष्कर्ष काढता येत नाही. रामेनच्या कणकेत ‘कानसुइ’ हे क्षारयुक्त पाणी घालतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असते, म्हणजे आपल्या पापडखाराच्याच जातीचे द्रव्य. त्या क्षारामुळे गव्हाच्या पिठाला पिवळी छटा, विशिष्ट वास आणि चिवट ताण येतो. मात्र काही ठिकाणी अंडेही घालतात, त्यामुळे विचारणे आवश्यक आहे.

विचारण्याच्या इतर गोष्टी अशा. सूप भाज्यांचे असले तरी त्यात ‘दाशी’ आहे का, कारण दाशी बहुधा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. तारेमध्ये माशाचा अर्क, ऑयस्टर सॉस, साके किंवा मिरिन आहे का. शेवटची दोन मद्ये आहेत. मिसो स्वतः सोयाबीनचा असला तरी बाजारातल्या काही मिसोत दाशी आधीच मिसळलेली असते. नूडल्स वेगळ्या पाण्यात उकळतात की सगळ्यांच्या एकत्र, हेही विचारावे.

शाकाहारी रामेन चांगले होऊ शकते. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ज्या ‘उमामी’ या भरीव, मांसरसासारख्या चवीचा शोध लावला, ती त्यांना कोम्बू या समुद्रशैवालात सापडली होती. कोम्बू आणि वाळवलेले शिताके मशरूम एकत्र भिजवले की दोघांची चव एकमेकांना कितीतरी पटींनी वाढवते. परंतु आपल्या घरी कांदा, लसूण आणि मशरूमही वर्ज्य असेल, तर खरे सांगायचे म्हणजे रामेनमध्ये खाण्याजोगे फार थोडे उरते. मुलींना जाऊ द्यावे आणि आपण दुसरीकडे जेवावे.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी ओसाकाला जात आहे. तिथल्या रामेनच्या दुकानात कसे वागायचे?
(एक तरुण अभियंता, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : अनेक दुकानांत दाराजवळ यंत्र असते, पैसे टाकून, बटण दाबून कूपन घ्यावे आणि ते काउंटरवर द्यावे. मांसाहार करत असलात तरी गोमांस वा डुकराचे मांस वर्ज्य असेल तर कूपन घेण्यापूर्वी तसे विचारावे, कारण वरचे ‘चाशू’ काप बहुतेक वेळा डुकराचेच असतात आणि ते काढून ठेवले तरी सूप तेच राहते. बाऊल आला की लगेच सुरुवात करावी. भुरके मारणे तिथे असभ्य नाही. भुरक्याबरोबर हवा जाते, घास निवतो आणि वासही अधिक जाणवतो. घरी आजोबांनी आमटी भुरकल्यावर आपण हसत असू, तर इथे ती सवय कामी येईल. चॉपस्टिक सुपात किंवा भातात उभ्या रोवू नयेत, तो अंत्यविधीचा संकेत आहे. दोघांत एक बाऊल मागवू नये आणि टिप ठेवू नये. बाहेर रांग असेल तर गप्पा रस्त्यावर माराव्यात.

प्रश्न : रक्तदाबाचा त्रास आहे. रामेन खावे का?
(एक ज्येष्ठ नागरिक, ताराबाई पार्क, कोल्हापूर)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे आणि सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्यास एका बाऊलमध्ये तेवढे मीठ सहज पोटात जाते. नूडल्स खाऊन सूप निम्म्याहून अधिक तसेच ठेवावे. जपानमध्येही पुष्कळ लोक तसे करतात. आपल्या डॉक्टरांचा सल्ला अर्थातच यापेक्षा वरचा.

प्रश्न : रामेन पार्सल नेले तर चव राहते का?
(एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, कोल्हापूर)

उत्तर : सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत दिल्या तरच. ऑर्डर देतानाच नूडल्स किंचित कच्च्या ठेवायला सांगाव्यात. घरी आल्यावर सूप पातेल्यात खळखळून उकळावे, नूडल्सवर चाळणीत उकळते पाणी ओतून त्या सुट्या कराव्यात आणि मगच दोन्ही एकत्र करावे. अंडे मात्र गरम न करता शेवटी ठेवावे. एकाच डब्यात भरून देणाऱ्या ठिकाणाहून पार्सल घेऊ नये.