वॉर्डात सॉफ्टवेअर रुजवायचंय? आधी एक रजिस्टर बंद कर

एचआयएसचं, म्हणजे हॉस्पिटलच्या माहिती-सॉफ्टवेअरचं, काम नव्यानं अंगावर आलंय ना? मग ट्रेनिंग हॉलमधल्या प्रोजेक्टरवर फार विसंबू नकोस. ड्यूटी बदलते तेव्हा वॉर्डात जाऊन उभा राहा. सिस्टर स्क्रीनकडे बघून नाकं मुरडतात, ते आळसानं नव्हे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आधी कागदी चार्टवर लिहायचा, मग तोच पुन्हा कॉम्प्युटरवर भरायचा. ही दुहेरी हमाली कोणाला हवी? म्हणून मेट्रनशी बोलून आधी एक तरी रजिस्टर कायमचं बंद करून घे. नाहीतर शिफ्ट संपताना सगळ्या वेळांच्या नोंदी एकदम भरल्या जातील, आणि त्या नोंदींना काडीचा अर्थ नसेल.

डॉक्टरांचं दुखणं वेगळं. ओपीडीत दारापर्यंत रांग आणि एका औषधासाठी चार क्लिक. त्यांच्या नेहमीच्या औषधांचे ऑर्डर सेट, म्हणजे एकदम निवडता येणारे तयार गट, करून दे. (एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, वळले की रेसिडेंट डॉक्टर वळतातच.)

लॉगिन उसनं देणं मात्र अजिबात खपवून घेऊ नकोस. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या, केसमध्ये ऑर्डर कोणाच्या नावावर आहे तेच बघतात.

आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी नंबर रुग्णाच्या संमतीनं नोंदणीच्या खिडकीवरच घ्यायला लाव. सर्व्हर बसला तर लागणारे छापील फॉर्म नर्सिंग स्टेशनवर ठेव, स्टोअरच्या कुलपात नको.