आठ महिने झाले, बाळ अजून बसत नाही

“मॅडम, आठ महिने उलटले तरी हा बसत नाही. जावेचा मुलगा याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी लहान, तो रांगायलासुद्धा लागला. माझंच काही चुकलं का?”

तासगावकडून सांगलीला माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.) पहिलं वर्ष चालू असलेल्या घरांतून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो. कुणाचं बाळ उशिरा पालथं पडतं, कुणाचं रांगत नाही, कुणाला अजून दात नाही. आणि विचारणाऱ्या आईच्या आवाजात काळजीच्या जोडीला अपराधीपणा असतोच.

मी तिला दिवसभराचं विचारलं. सकाळी तेल लावून अंघोळ झाली की ती बाळाला भिंतीशी उशा लावून बसवायची. बाळ कलंडलं की परत बसवायची. दुपारी पुन्हा, संध्याकाळी सासूबाईंच्या देखत पुन्हा. किती वेळ बसला ते मोबाइलमध्ये लिहून ठेवायची. अलीकडे उशी दिसली की बाळ रडायला लागलं होतं. रात्री ती मोबाइलवर ‘आठव्या महिन्यात बाळाला काय काय यायला हवं’ ते वाचत जागी राहायची.

“बाळाशी नुसतं खेळलात असं शेवटचं कधी?” एवढंच विचारलं, तर तिला रडू आवरेना. बाळाच्या वडिलांनी बाळ उचलून घेतलं आणि आम्ही तिला रडू दिलं. त्या घरात तिला कुणी टोचून बोलत नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पण ‘कसा गं अजून बसत नाही?’ हे प्रेमाने विचारलेलं वाक्यसुद्धा दिवसातून चार वेळा ऐकलं की बोचतं.

मग कागद पाहिले. बाळ ३२व्या आठवड्यात झालेलं. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात, म्हणजे हे आठ आठवडे आधी आलं. अशा बाळाची वाढ पाहताना डॉक्टर वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही. या हिशेबाने साडेआठ महिन्यांचं बाळ वाढीच्या दृष्टीने साडेसहा महिन्यांचं होतं.

आईला हे पटेना. तिला वाटलं मी समजूत काढते आहे. बोलले ते वडील. त्यांची द्राक्षबाग आहे. “अगं, बागेचे दिवस आपण छाटणीपासूनच धरतो की. शेजारच्यानं छाटणी आधी घेतली असंल तर त्याचा माल पुढं दिसणारच. म्हणून आपली बाग मागं पडली म्हणतो का आपण?” ती पहिल्यांदा जरा हसली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतातली मुलंही होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही आलं. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी पुढे चालली. म्हणजे निरोगी मुलांतसुद्धा एवढं अंतर असतं. दोन जावांची मुलं शेजारी ठेवून बघण्यात म्हणूनच अर्थ नाही.

सतरंजीवर बाळाला मोकळं सोडलं. माझ्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याने उजव्या हाताने ओढला, डाव्या हातात घेतला, तोंडात घातला. वडील मागून बोलले तशी मान वळवली. दोन्ही तळवे पुढे टेकून काही क्षण स्वतःच बसलं आणि कलंडलं. आईने यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण तिची नजर एकाच गोष्टीकडे लागली होती. ते टेकून बसणं म्हणजेच बसण्याची सुरुवात आहे, हे मी तिला दाखवलं.

तरीही मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळांची तपासणी नियमित व्हायलाच हवी, कान आणि डोळ्यांचीसुद्धा. ‘होईल आपोआप, याचा बापही उशिरा चालला’ असं म्हणून गप्प बसणं मला मुळीच मान्य नाही. तीन महिन्यांनंतरही बाळ माणसाकडे बघून हसत नाही, चार महिन्यांनी मान धरत नाही, अंग फार ताठ किंवा फार सैल लागतं, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, आवाजाकडे वळत नाही, नऊ-दहा महिन्यांनी ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज काढत नाही, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. येत असलेली गोष्ट बंद झाली तर त्याच आठवड्यात दाखवा. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतात, त्यांना मोकळेपणाने सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणारी केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात. वेळेत सुरू केलेल्या व्यायामाने पुष्कळ फरक पडतो.

या आईला मी चारच गोष्टी सांगितल्या. उशांची परीक्षा बंद. बाळ जागं असताना, कुणीतरी जवळ बसून, त्याला जमिनीवर पालथं खेळू द्यायचं. मामाने आणलेला वॉकर माळ्यावर टाकायचा, कारण त्याने चालणं लवकर येत नाही, पडझड मात्र होते. आणि मोबाइलमधली नोंद ठेवायचीच असेल तर आज बाळाने नवीन काय केलं एवढंच लिहायचं. झोपेसाठी रात्रीचं एक दूध वडिलांनी वाटीचमच्याने पाजायचं ठरलं. पुढच्या भेटीतही तिला झोप लागत नसेल, मन उदासच असेल, तर तिच्यासाठी वेगळी डॉक्टरांची मदत घ्यायची, हेही त्याच वेळी बोलून घेतलं.

डॉक्टरांनी तपासून वाढ ठीक असल्याचं सांगितलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. त्या तपासणीआधीच बाळ आधाराशिवाय बसायला लागलं. रांगत अजून नाही, बुडावर सरकत स्वयंपाकघरापर्यंत जातं. आई आता रात्री झोपते. जावेच्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणाली, “दोघं एकाच सतरंजीवर असतात. दुपारी दोघांना मीच बघते.”