खडकाच्या आरपार बोलताना

मागच्या अंकात खाणी आणि गुहांमधल्या रेडिओबद्दल मी लिहिलं होतं. खाणींमध्ये संपर्कयंत्रणा बसवण्यात आणि सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : सर, तुम्ही लिहिलंत की वारंवारता जितकी कमी तितक्या रेडिओलहरी खडकात खोल जातात. मग गाडी बोगद्यात शिरली की मीडियम वेव्हचं स्टेशन लगेच बंद का पडतं आणि एफएम बराच वेळ का टिकतं? मीडियम वेव्हची वारंवारता तर एफएमच्या साधारण शंभरावा भाग असते.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि माझ्या लेखात ही गोष्ट सांगायची राहून गेली होती. जमिनीखाली रेडिओला दोन वेगळ्या वाटा असतात. एक खडकातून आणि दुसरी पोकळीतून. दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

पोकळीतून जायचं तर लहर त्या पोकळीत मावली पाहिजे. मीडियम वेव्हवर १ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३०० मीटर भरते. दहा मीटर रुंदीच्या बोगद्यात ती शिरणार कशी? तोंडापाशीच ती विरते. एफएमची लहर तीन मीटरची, ती मावते. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३३ सेंटीमीटरची, ती सरळ बोगद्यातून नळीतून पाणी जावं तशी जाते. म्हणून खाणीच्या सरळ रस्त्यात वरच्या वारंवारतेचे सेट लांबपर्यंत चालतात. पण वळण आलं की खेळ संपला. सुरुवातीच्या दिवसांत ४५० मेगाहर्ट्झचा सेट घेऊन मी खाणीतल्या एका सरळ गॅलरीत, म्हणजे आतल्या रस्त्यात, चारशे मीटरवरच्या सहकाऱ्याशी शेजारी उभं असल्यासारखा बोलत होतो. तो काटकोनात वळला, तीसेक पावलं आत गेला आणि माझ्या कानात नुसती खरखर उरली.

एक तिसरी वाटही आहे. खाणीत रूळ असतात, पाण्याचे पाइप असतात, विजेच्या केबल असतात. ३०० किलोहर्ट्झ ते ३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी या धातूंना धरून दूरवर जातात. त्यामुळे एरवी बोगद्यात न टिकणारी मीडियम वेव्ह पाइपाच्या आधारानं कुठल्याकुठे ऐकू येते. राहिली खडकातली वाट. दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमधल्या सोन्याच्या खाणींत रेडिओ खडकातून किती जातो, हे अभियंते ट्रेव्हर वॉडली यांनी १९४०च्या दशकातच तपासलं होतं.

प्रश्न : आमचा गुहांमध्ये उतरणाऱ्यांचा गट आहे. पाच वॉटचे वॉकीटॉकी घेतले, पण दुसऱ्या वळणाच्या पुढे ते चालत नाहीत. दहा वॉटचे घेतले तर उपयोग होईल का?

नाही. कृपा करून ते पैसे त्यावर घालवू नका.

ओलसर खडकात १५० मेगाहर्ट्झचा सिग्नल साधारण दीड-दोन मीटर गेला की त्याची ताकद ३७ टक्क्यांवर येते. पुढच्या तेवढ्याच अंतरात उरलेल्याच्या पुन्हा ३७ टक्के, आणि असंच पुढे. या हिशेबात सेट पाचाचा दहा वॉट केला तर जेमतेम अर्धा मीटर जास्त खडक पार होतो. वॉट वाढवून खडक हरत नाही, वारंवारता खाली आणावी लागते. ८७ किलोहर्ट्झला तेच दीड-दोन मीटर सतरा मीटर होतात, कोरड्या चुनखडीत पन्नासच्याही पुढे जातात. साडेतीन किलोहर्ट्झवर उतरलात तर ओलसर खडकातही पंच्याऐंशी मीटर. या खालच्या पट्ट्यात सुटसुटीत हिशेब असा, की वारंवारता शंभरपट कमी केली तर खोली दहापट मिळते.

८७ किलोहर्ट्झ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. ब्रिटनमधल्या गुहाबचाव पथकांचा हेफोन नावाचा सेट याच वारंवारतेवर चालतो. जॉन हे या हौशी रेडिओवाल्यानं तो तयार केला, म्हणून ते नाव. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते, तेव्हा ब्रिटनहून हे सेट तिकडे नेले होते. याला उभी अँटेना नसते. दोन धातूच्या सळया जमिनीत ठोकायच्या, त्यांच्यात पंचवीस ते पन्नास मीटर अंतर ठेवायचं, सेट मधे जोडायचा. प्रवाह एका सळईतून जमिनीत उतरतो, खडकात पसरतो आणि दुसरीतून परत येतो. वरच्या माणसानंही तसंच करायचं. पहिल्या महायुद्धात खंदकांमधून याच तत्त्वावर जमिनीतून संदेश जात होते, म्हणजे कल्पना जुनीच आहे.

यात सगळा जीव सळईच्या पकडीत असतो. एकदा मी चुनखडीच्या कोरड्या फटीत सळई घट्ट ठोकली आणि सेटवर बोलू लागलो. वरून काहीच उत्तर नाही. मीटर लावला तर सळई आणि खडक यांच्यात काही हजार ओहमचा रोध. मग फटीतून सळई काढली, शेजारच्या ओहोळातला चिकट गाळ ओंजळीनं आणला, फट भरून त्यात ती पुन्हा रोवली आणि बाटलीतलं पाणी वर ओतलं. मीटरचा काटा खाली येताना मी पाहत होतो. दोन मिनिटांनी वरच्या माणसाचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. तेव्हापासून मी सळईची जागा शोधताना आधी ओल शोधतो.

आणखी खोल जायचं असेल तर बोलणं सोडून अक्षरांवर यावं लागतं. माणसाच्या बोलण्याला साधारण तीन किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागते. लहरच एक-दोन किलोहर्ट्झची असेल तर तिच्यावर आवाज बसवणार कसा? मजकूर मात्र हळूहळू पाठवता येतो. स्वित्झर्लंडचं केव्हलिंक हे यंत्रही बोलणं नाही, मजकूरच पाठवतं. जून २०१४ मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोलीवर एक संशोधक डोक्यात दगड पडून जखमी झाला. त्याच्या एका साथीदाराला वर येऊन खबर द्यायला जवळपास अर्धा दिवस चढावं लागलं. नंतर खाली केव्हलिंक पोचलं आणि आतल्या पथकाचे निरोप लिहून वर येऊ लागले. ८ जूनला जखमी झालेला तो माणूस १९ जूनला बाहेर आला. अर्धा दिवस चढून येणारी बातमी आणि काही मिनिटांत येणारा निरोप, यातला फरक डॉक्टरला विचारा.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या गटाला सर्वांत उपयोगाची गोष्ट सांगतो. वरून आतल्या माणसाची जागा शोधता येते. आतल्यानं तारेचं वेटोळं जमिनीवर सपाट पसरायचं आणि त्यातून साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासचा टूं-टूं सिग्नल सोडायचा. वरच्यानं छोटं वेटोळं उभं धरायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचं. एका दिशेला आवाज पूर्ण बुडतो. त्या क्षणी वेटोळ्याची कड ज्या रेषेत असते, त्या रेषेवर कुठेतरी आतला माणूस आहे. दुसऱ्या जागी जाऊन अशीच दुसरी रेषा काढायची. दोन रेषा छेदतात तिथे उभं राहिलं की वेटोळं उभं धरून कसंही फिरवा, काही ऐकू येत नाही. ती जागा बरोबर त्याच्या डोक्यावरची.

खोलीही कळते. त्या जागेपासून दूर चालत जायचं आणि आवाज बुडेपर्यंत वेटोळं तिरपं करायचं. ते ४५ अंशांत कललं की थांबायचं. चाललेलं अंतर गुणिले १.७८ म्हणजे खोली. सपाट जमिनीवर हा हिशेब छान जुळतो, उतारावर दुरुस्ती करावी लागते. प्रत्यक्ष उतरण्याआधी दोन-तीन रविवार याचा सराव करा. आणि कोणताही सेट घेतलात तरी वेळा ठरवून घ्या: दर तासाला अमुक मिनिटाला दोन्हीकडचे सेट चालू. एकानं बोलत राहायचं आणि दुसऱ्यानं बॅटरी वाचवायला सेट बंद ठेवायचा, असं झाल्याचं मी पाहिलं आहे.

प्रश्न : न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पृथ्वीच्याही आरपार जातात असं वाचलं. त्यांनी खाणीत संदेश पाठवता येणार नाही का? (इयत्ता दहावी)

पाठवून झालेला आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २४० मीटर खडकातून ‘न्यूट्रिनो’ हाच शब्द न्यूट्रिनोंच्या झोतानं पाठवला आणि पलीकडे तो वाचला. वेग होता सेकंदाला ०.१ बिट. एक इंग्रजी अक्षर पाच बिटांत बसवलं तर त्याला पन्नास सेकंद लागतील. शिवाय एका टोकाला कणांना वेग देणारा कणत्वरक हवा आणि दुसऱ्या टोकाला ते कण टिपणारा १७० टनांचा शोधक. खडकानं न अडणारा कण शोधकातही सहसा अडत नाही, हीच सगळी अडचण. पण प्रश्न फार छान विचारलास.

प्रश्न : माझे पती भूमिगत खाणीत काम करतात. खाली रेडिओ आहे, काळजी करू नकोस, असं ते सांगतात. त्या रेडिओवर खरोखर भरवसा ठेवावा का?

ताई, रोजच्या कामापुरता ठेवा. तुमचे पती खोटं सांगत नाहीत. पण खरी परीक्षा अपघाताच्या दिवशी असते, तेव्हा मी तुम्हाला अर्धवट उत्तर देणार नाही.

बहुतेक खाणींत लीकी फीडर नावाची केबल असते. तिच्यावरचं तांब्याचं विणकाम मुद्दाम विरळ ठेवलेलं असतं, म्हणजे सिग्नल वाटेत सगळीकडे थोडाथोडा बाहेर झिरपतो आणि हातातल्या सेटचा आवाजही आत शिरतो. ती छताजवळून टांगत नेतात. दर तीन-चारशे मीटरवर ॲम्प्लिफायर लागतो आणि त्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. म्हणजे तुमच्या पतींचा आवाज खडकातून वर येत नाही, तारेतून येतो. तार तुटली तर?

हे मी अनुभवलं आहे. एका खाणीत छत कोसळलं आणि केबल तुटली. तुटलेल्या जागेच्या पुढे अकरा माणसं होती. त्यांच्या हातात सेट होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, दिवे लागलेले होते, आणि त्यांचा एक शब्दही आमच्यापर्यंत येत नव्हता. दुसऱ्या वाटेनं ते सगळे चालत सुखरूप बाहेर आले, त्याला सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी बेस सेटसमोर बसून एकेकाचं नाव पुकारत होतो. पुढच्याच महिन्यात आम्ही केबलचं दुसरं टोक रिटर्नच्या, म्हणजे परतीच्या हवेच्या, रस्त्यानं वर आणून जोडलं. आता मधे कुठेही तुटलं तरी दोन्ही बाजूंचा भाग आपापल्या टोकाकडून जिवंत राहतो.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात सॅगो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी स्फोट झाला. तेरा जण आत अडकले, एकच वाचला. आडोसा करून बसलेली माणसं आपण कुठे आहोत हे कळवण्यासाठी छतातल्या बोल्टवर आळीपाळीनं घण मारत होती. वर ते कुणाला ऐकू गेलं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की तीन वर्षांत प्रत्येक भूमिगत कोळसा खाणीत अपघातानंतरही टिकेल अशी दुतर्फा बिनतारी यंत्रणा हवी. पूर्ण बिनतारी, थेट खडकातून बोलणारी यंत्रणा तेव्हा सगळीकडे बसवण्याइतकी तयार नव्हती, म्हणून लीकी फीडर आणि तशाच जाळ्यांना अधिक मजबूत करण्यावर भर राहिला.

खडकातून एका बाजूनं निरोप पाठवणारी यंत्रणा मात्र त्याआधीपासून आहे. वर मोठं वेटोळं पसरायचं आणि कामगाराच्या कॅप लॅम्पला, म्हणजे टोपीवरच्या दिव्याला, जोडलेल्या छोट्या पडद्यावर मजकूर उमटवायचा. १९९८ मध्ये युटा राज्यातल्या विलो क्रीक खाणीत आग लागली तेव्हा असाच निरोप कामगारांना मिळाला आणि ते बाहेर पडले. खालून वर उत्तर देणं अवघड, कारण खालच्या माणसाजवळ तेवढं मोठं वेटोळं नसतं. शिवाय कोळसा खाणीत हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की एका ठिणगीनं स्फोट होतो, त्यामुळे सेटची ताकद मर्यादित ठेवावीच लागते. एक गोष्ट मात्र अशा वेळी मदतीला येते: अपघातानंतर खाणीची वीज तोडतात, सेटमध्ये येणारा मोटारींचा गुणगुणाट थांबतो, आणि एरवी त्या आवाजात बुडणारा क्षीण सिग्नल ऐकू येऊ लागतो.

साधी तारही विसरू नका. चिलीत २०१० साली सुमारे ७०० मीटर खाली अडकलेल्या ३३ जणांशी बोलणं झालं ते ड्रिलनं पाडलेल्या बारीक भोकातून खाली सोडलेल्या टेलिफोनवर.

म्हणून आज संध्याकाळी पती घरी आले की त्यांना तीन गोष्टी विचारा. लीकी फीडर दोन्ही टोकांकडून जोडलेला आहे का? वरची वीज गेली तर ॲम्प्लिफायर बॅटरीवर किती तास चालतात? आणि त्यांच्या कामाच्या जागेपासून सर्वांत जवळचा तारेचा फोन कुठे आहे, अंधारात भिंतीला हात लावत ते तिथपर्यंत जाऊ शकतील का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते जरा थांबले, तर पुढच्या पाळीला त्यांना ती वाट एकदा मुद्दाम चालून यायला सांगा. पहिल्या दोन्हींची उत्तरं काय मिळाली ते मला लिहून कळवा, त्यावरून त्यांनी खाणीत कुणाशी काय बोलावं हे मी तुम्हाला सांगेन.