केंद्राचं नॉन-क्रिमीलेअर आधी, फ्लुइड नंतर

मित्रा, तू विचारलंस फ्लुइड मेकॅनिक्स (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र) कसं उरकायचं. पण माझी नजर अडली ती तुझ्या शेवटच्या ओळीवर: 'नॉन-क्रिमीलेअर राज्याचं काढलंय, केंद्राचं व्हेरिफिकेशनच्या वेळी बघू, तसंही बाबांचा सरकारी पगार ८ लाखांच्या वर आहे, मिळेल की नाही कुणास ठाऊक.' (नॉन-क्रिमीलेअर म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात, क्रिमीलेअरमध्ये, आपण मोडत नाही याचं प्रमाणपत्र.) हुबेहूब हेच माझं झालं होतं. म्हणून आधी तेच. मेट्रोच्या साइटवरून घरी येऊन रोज अभ्यासाला बसतोस, तेव्हा वेळापत्रक मी तुला काय सांगणार.

एसएससी जेई (कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता परीक्षा) काय किंवा ईएसई (यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा) काय, दोन्ही केंद्राच्या परीक्षा. तिथे ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्याच नमुन्यात लागतं, राज्याचं धरत नाहीत. केंद्राच्या नमुन्यात ८ सप्टेंबर १९९३ च्या ऑफिस मेमोरँडमचा (केंद्र सरकारच्या कार्यालयीन आदेशाचा) उल्लेख असतो, क्रमांक ३६०१२/२२/९३. क्रिमीलेअरमध्ये कोण येतं ते त्याच कागदाने ठरवलंय. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा १ लाख होती, २०१७ पासून ८ लाख आहे. पण पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या हिशेबात धरायचं नाही, हा नियम तेव्हापासून तोच. सरकारी नोकरांच्या मुलांचं आईवडिलांच्या पदाच्या गटावरून (अ, ब, क, ड) ठरतं. तुझे बाबा गट क मध्ये असतील, तर पगार कितीही असो, त्यावरून तुला नाकारता येत नाही. घरभाडं, धंदा असं दुसरं उत्पन्न असेल तर ते मात्र बघतात. (थेट गट अ मध्ये लागलेल्यांचं वेगळं आहे. महामंडळ किंवा खासगी नोकरीचेही नियम निराळे, त्यावर मी बोलत नाही.)

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. उपयोग झाला नाही. मुंबईतल्या ज्या कार्यालयात अर्ज केला, तिथल्या खिडकीवरच्या माणसाने बाबांचा फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) उघडला, एकूण रकमेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बसत नाही." मेमोरँडमची प्रिंट पुढे केली, संबंधित परिच्छेदाखाली रेघ मारलेली. त्याने ती न वाचताच परत सरकवली. "हे दिल्लीचं, इथे आमचं चालतं." साहेबांना भेटतो म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितला, तो नेला तर त्यातही पगारच दिसतो म्हणून पुन्हा नकार. लेखी मात्र एक अक्षर दिलं नाही. तोवर मुदत संपली. परीक्षेचा अर्ज ओपनमधून भरला. ओबीसीचा कटऑफ मी ओलांडला होता, ओपनचा नाही. इतकी वर्षं झाली, आता केंद्राच्याच एका खात्यात कनिष्ठ अभियंता आहे, तरी त्या खिडकीचा राग गेलेला नाही. तिथे रांगेत माझ्यामागे उभी असलेली किती पोरं 'बसत नाही' ऐकून मुकाट्याने घरी गेली असतील!

नंतर जे चाललं ते सांगतो. तोंडी काही बोलायचंच नाही. अर्जासोबत मेमोरँडमची प्रत, बाबांच्या कार्यालयाचं पदाचा गट लिहिलेलं पत्र, आणि पगार वगळून इतर उत्पन्न दाखवणारा तक्ता. पोचपावती घे, आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. नकार दिला तर कारणासह लेखी माग. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत ठरलेली असते आणि वर अपील करता येतं. मी वकील नाही, पण अपिलाचा कागद टेबलावर आला की फाइल हलते हे डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक. राज्यात तू एनटी (भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असलास तर केंद्रात तो प्रवर्गच नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर बघ आणि यादीतलं स्पेलिंग प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळव. प्रमाणपत्राच्या तारखेची अट जाहिरातीत असते, ती दरवेळी नव्याने वाच, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.

आता फ्लुइड. क्लासच्या नोट्समधली सूत्रांची पानं पाठ करू नकोस, असं माझं ठाम मत आहे (ज्यांना पाठांतर जमतं त्यांनी खुशाल करावं). ओपन चॅनलच (उघड्या पाटातला प्रवाह) घे. सर्वात किफायतशीर आयताकृती आणि समलंब छेदात हायड्रॉलिक त्रिज्या (प्रवाहाच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओली परिमिती) खोलीच्या निम्मी येते. ती एकदा स्वतः काढलीस की आयतात रुंदी खोलीच्या दुप्पट आणि समलंबात अर्धा षटकोन, दोन्ही आपोआप हाताशी येतात. वर्तुळाकार पाइपचं मात्र लक्षातच ठेवावं लागतं: पाण्याची खोली व्यासाच्या ०.८१ पट असताना कमाल वेग, ०.९५ पट असताना कमाल विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी).

ईएसईच्या पूर्वपरीक्षेत कॅल्क्युलेटर नेता येत नाही आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. साइटवर सगळं एक्सेलमध्ये करून आपला हात बसतो, तेव्हा रोज थोडी आकडेमोड कागदावर कर. मुख्य परीक्षा इंग्रजीतच लिहावी लागते, मराठी माध्यमातून आला असशील तर तोही सराव आत्तापासून हवा. जेईचा दुसरा पेपर २०२३ पासून बहुपर्यायी झालाय, त्यामुळे त्याआधीचे लेखी पेपर सोडवत बसू नकोस.

बाबांचा गट कोणता ते इथे लिही. त्या तक्त्याचा मजकूर माझ्याकडे आहे, टाकतो.