खंड्या आणि कोन स्नेल: सरस मासेमार कोण?

तुमचा प्रश्न असा: लहान खंड्या आणि 'कोनस जिओग्राफस' ही समुद्री गोगलगाय, दोघेही मासे खातात, मग सरस शिकारी कोण, आणि गोगलगायीला पळता मासा सापडतोच कसा? माझं मत गोगलगायीला.

खंड्याची शिकार बहुतेकांनी पाहिलेली असते. काठावरच्या फांदीवरून नेम धरायचा, सुळकन पाण्यात शिरायचं, मासा फांदीवर आणून आपटायचा आणि डोक्याकडून गिळायचा. बुडी मारताना डोळ्यांवर पडदा येतो. नेम चुकतोही बऱ्याचदा, आणि पाणी गढूळ झालं की सगळंच अवघड.

कोनसला उजेडही लागत नाही. रात्री प्रवाळाच्या कपारीत मासे विसावले की ही वासाच्या मागावर तिथे पोचते आणि तोंड नरसाळ्यासारखं पसरते. तिच्या विषात चक्क इन्सुलिन असतं, तेही माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं! 2015 साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते टाकीतल्या पाण्यात मिसळलं, तर मासे मंदावले. रक्तातली साखर उतरल्यावर पळणार कोण? असा गुंगलेला मासा, कधीकधी दोनचार एकदम, ती तोंडात घेते आणि मग आत दंश करते. दंशाचा दात पोकळ, काटेरी आणि एकदाच वापरायचा. पुढच्या वेळी नवा.

अर्थात खंड्यावर थोडा अन्यायच होतोय. तो उष्ण रक्ताचा, वजन जेमतेम 30-40 ग्रॅम, आणि विणीच्या दिवसांत नदीकाठच्या बिळात पाच-सहा पिल्लं वाट बघत असतात. त्याला दिवसभर मासे आणावेच लागतात. गोगलगायीला घाई नाही. एकदा पोट भरलं की निवांत.

एक साम्य मात्र गमतीचं आहे. न पचलेले काटे आणि खवले दोघेही तोंडावाटे बाहेर टाकतात. कोनसच्या त्या उलटीत वापरलेले दातही सापडतात.

लक्षद्वीप-अंदमानला जाणार असाल तर जिवंत कोन स्नेल हातात घेऊ नका. जिओग्राफसच्या दंशाने माणसं मेली आहेत आणि त्यावर प्रतिविष नाही. रुंद बाजूने धरली तर सुरक्षित, हेही खरं नाही. तिची सोंड बरीच लांबवर पोचते.