वडिलांची 1978 ची बुलेट 350 घरीच उघडून इंजिन नवं करता येईल का? सोबत पॉवरही वाढवायची आहे.

येईल, नक्की येईल. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. इंजिन घरी उघडून नीट करणं सवडीनं आणि स्वच्छ काम करणाऱ्या कुणालाही जमतं. पॉवरबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. या इंजिनात पहिला रुपया ऑइलच्या वाटेवर घालायचा. बिग एंडला, म्हणजे पिस्टनच्या रॉडचं खालचं टोक फिरणाऱ्या मुख्य शाफ्टला (क्रँकला) जोडतं त्या सांध्याला, ऑइल नीट पोचतंय याची खात्री होईपर्यंत मोठा बोअर (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर), मोठा कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर यातलं काहीही नको.

तुम्ही लिहिलंय की गाडी आठ वर्षं उभी होती, परवा चालू केली तर निळा धूर निघाला, आणि इंजिन तापल्यावर खालून ठकठक येते. यातल्या धुराची फार काळजी करू नका. या इंजिनाची ऑइलची टाकी क्रँककेसच्याच, म्हणजे क्रँक बसतो त्या खालच्या पेटीच्याच, ओतकामात आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की झिजलेल्या पंपातून टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँकखाली झिरपतं, आणि पहिल्या किकला ते सगळं जळून बाहेर येतं. त्यामुळे नुसत्या धुरावरून रिंगा गेल्या असं म्हणता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही धूर कमी झाला नाही तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघू.

ठकठक मात्र गंभीर आहे, आणि तिचं कारण कळेपर्यंत गाडी पुन्हा चालू करू नका. गार असताना येणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुतेक वेळा पिस्टनचा असतो. तुमचं उलट आहे, म्हणजे संशय बिग एंडवर. खात्री करायला इंजिन उतरवायचीही गरज नाही. हेड आणि बोअर काढा, पिस्टन वरच्या टोकाला आणा. रॉडच्या मुळाशी थोडं डिझेल सोडा, कारण जाड ऑइल खेळ लपवतं. मग रॉड दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ वर ओढा आणि खाली दाबा. या दिशेत हाताला काहीच जाणवता कामा नये. बारीकशी 'टक' जरी लागली तरी बिग एंड गेलेला आहे. डावीकडे-उजवीकडे सरकतो तो खेळ वेगळा, तो असावाच लागतो. त्याला घाबरून पुष्कळ जण चांगला क्रँक उघडून बसतात.

बिग एंडवर मी एवढा जोर का देतोय ते सांगतो. ही बुलेट मुळात 1949 च्या इंग्लंडमधल्या रचनेची. 1955 पासून मद्रासमध्ये तीच गाडी बनायला लागली, आणि पुढची कित्येक दशकं इंजिनाचा गाभा बदलला नाही. बोअर 70 मि.मी., स्ट्रोक 90 मि.मी., म्हणजे 346 सीसी आणि 18 हॉर्सपॉवर. या इंजिनाच्या बिग एंडला रोलर नाहीत. रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये एक सुटा बुश फिरत असतो, आतून-बाहेरून व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा. त्याच्या दोन्ही अंगांना ऑइलचा थर असेल तोवर तो वर्षानुवर्षं चालतो. थर तुटला की फार कमी वेळात संपतो. आणि तो थर टिकवणारा पंप बोटाएवढा आहे. 90 मि.मी. स्ट्रोक असताना 5500 फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. पॉवर वाढवायची म्हणजे फेऱ्या तरी वाढवायच्या, नाहीतर पिस्टनवरचा दाब तरी. दोन्हीचा मार बसतो तो त्याच बुशावर.

म्हणून तुमच्या भावाचा 500 सीसी बुलेटचा बोअर टाकायचा बेत मला पटत नाही. 500 चा पिस्टन 84 मि.मी.चा. तो बोअर तुमच्या क्रँककेसच्या तोंडात तसाच बसत नाही, तोंड मशीनवर मोठं करावं लागतं. ज्या केसवर वडिलांच्या गाडीचा इंजिन नंबर आहे तीच केस कापायची, आणि तीही परत जोडता येणार नाही अशी. माझ्यासमोर कुणी हे करायला निघालं तर मी हात धरेन.

आता काम. सुरुवात पान्यांपासून. 1978 च्या गाडीला इंची नट-बोल्ट आहेत. मिलिमीटरचा पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे खातो. इंची पान्यांचा एक सेट, क्लच आणि इंजिन स्प्रॉकेटचे पुलर, फिलर गेज, आणि जमलं तर स्टँडसकट डायल गेज एवढं आधी जमवा. पुण्यात नाना पेठेत बुलेटचे जुने पार्ट आणि पुलर मिळतात. तुम्ही कराडचे, तुम्हाला कोल्हापूर जवळ. मीही कोल्हापूरचाच. बोअरिंग, होनिंग आणि क्रँकचं काम शिवाजी उद्यमनगरात करून घ्या. जुनी इंजिनं समजणारे लेथवाले तिथे अजून आहेत.

प्रायमरी बाजू, म्हणजे क्लचची डावी बाजू, उघडणं सोपं आहे, त्यावर लिहीत बसत नाही. टायमिंगची बाजू, म्हणजे उजवं कव्हर, तिथे मात्र सावकाश. कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला पंप फिरवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) दिसेल. त्याचे आटे उलटे आहेत. सोडायचा म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. नेहमीच्या सवयीनं जोर लावला तर तो आणखी आवळतो आणि शेवटी तुटतो. कॅमच्या गिअरवर ठिपके आहेत. काढण्याआधी ते जुळवा, फोटो काढा, मगच हात लावा.

त्याच कव्हरच्या आतल्या बाजूला, क्रँकच्या टोकासमोर, बुचाच्या लाकडाचं एक छोटं सील बसतं. अंगठ्याच्या नखाएवढा पार्ट, किंमत काहीच नाही. पंपाकडून आलेलं ऑइल फिल्टरमधून क्विलच्या बारीक नळीत जातं आणि तिथून क्रँकच्या पोटात शिरतं. या सांध्यावर गळती थांबवायला हे एवढंच सील आहे. ते दबलं, वाळलं किंवा तिरकं बसलं की ऑइल बिग एंडला जायच्या ऐवजी टायमिंगच्या पेटीत सांडतं, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. कव्हर जेव्हा जेव्हा निघेल तेव्हा हे सील नवं टाकायचं. आधी ऑइलमध्ये भिजत ठेवायचं, आणि कव्हर हातानं सरळ दाबत बसवायचं. वरून हातोडी नको.

पंपांचंही तसंच. दोन पंप आहेत, एक ऑइल पाठवणारा आणि एक परत उचलणारा. पंपाची चकती काढून तिचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघा. गोल गोल ओरखडे दिसले तर जाड काचेचा तुकडा सपाट जागी ठेवा, त्यावर बारीक व्हॉल्व्ह पेस्ट आणि थोडं ऑइल घ्या, आणि चकती इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हातानं फिरवा. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की झालं. मग पेस्टचा कणही राहणार नाही इतकी धुवा. झिरपण्याचा त्रासही यानंच कमी होतो.

खेळ निघाला तर क्रँक बाहेर काढावा लागेलच. केस उघडायला आणि बेअरिंग काढायला उष्णता वापरा. जुन्या ओव्हनमध्ये किंवा हॉट प्लेटवर केस तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तापल्या तव्यासारखा चुरचुरून उडाला की बेअरिंग हलक्या ठोक्यानं खाली येतं. गार केसमधून ठोकून काढलं तर बेअरिंगची जागा सैल होते, आणि मग नवं बेअरिंगही तिथे टिकत नाही.

पैसे खर्च करायची माझ्या मते खरी जागा इथे आहे. क्रँक लेथवाल्याकडे देताना फ्लोटिंग बुशाच्या जागी रोलर बिग एंडचा सेट बसवून घ्या. रोलरला बुशाएवढा ऑइलचा दाब लागत नाही, थोडी हयगय तो सहन करतो. या सेटमध्ये रॉड बहुधा स्टीलचा येतो, मूळचा अॅल्युमिनियम मिश्रधातूचा होता. वजन बदलतं, म्हणून बॅलन्सिंगचं आधीच बोलून घ्या. क्रँक परत जोडल्यावर दोन्ही शाफ्टवर डायल गेज लावून तुमच्या डोळ्यांसमोर फिरवायला सांगा. काटा 0.05 मि.मी.च्या आत राहिला पाहिजे. "चालतंय की" म्हणाला तरी न ऐकता परत ट्रू, म्हणजे सरळ, करायला लावा. या एका आग्रहानं हँडलचा थरथराट केवढा कमी होतो ते गाडी चालवल्यावर कळेल.

बोअरचा नियम एकच: आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअर मारा. 20, 40, 60 (हजारांश इंच) असे ओव्हरसाइझ मिळतात, पण प्रत्येक पिस्टनमागे माप थोडं फरकतं. पिस्टन हातात देऊन, त्याच्या स्कर्टवर माप घेऊन, बनवणाऱ्यानं सांगितलेला गाळा (पिस्टन आणि बोअरमधली फट) ठेवूनच बोअर मारायला सांगा. बोअर ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन अॅल्युमिनियमचा, म्हणजे तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. गाळा कमी पडला तर पहिल्याच घाटात इंजिन जाम. रिंगा एकेक करून बोअरमध्ये सरळ बसवून फट मोजा. 70 मि.मी. बोअरला 0.3 मि.मी.च्या आसपास ठीक.

हेड अॅल्युमिनियमचं आहे, व्हॉल्व्ह घासून घ्या, गाइडचा खेळ बघा, एवढं पुरे. ब्रीदरचा रबर मात्र विसरू नका. तो चिकटला की क्रँककेसमधली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ऑइल प्रत्येक सांध्यातून येतं. लोक पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसतात आणि दोष त्या रबराचा असतो.

जोडणी झाल्यावर टॅपेट गार इंजिनवर लावा: पुशरॉड बोटांनी सहज गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ नको. ठिणगी पाडणाऱ्या काँटॅक्ट पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मि.मी. ठिणगीच्या टायमिंगसाठी पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरा. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या सुमारे 0.8 मि.मी. आधी कागद सुटला पाहिजे.

दोन सुधारणा मी खुशाल करा म्हणेन. पहिली, 6 व्होल्टचं 12 व्होल्ट करा: स्टेटर, रोटर, रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी आणि बल्ब. उजेड मिळतो, ठिणगी दमदार होते, आणि बाहेरून गाडी होती तशीच दिसते. दुसरी, कार्ब्युरेटर. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. त्यात ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटवर मिश्रण लीन होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं) आणि इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक पायरी मोठा टाकून प्लगचा रंग बघा, तो फिकट तपकिरी हवा. पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटरमधले रबर इथेनॉलला टिकणारे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

पहिल्यांदा चालू करायच्या आधीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नव्यानं जोडलेल्या इंजिनात फिल्टरची पोकळी रिकामी असते. पंप आधी ती भरतो आणि मगच ऑइल बिग एंडला जातं. तेवढा वेळ नवा बिग एंड कोरडा फिरतो. म्हणून फिल्टरच्या जागेत 20-50 ऑइल हातानं काठोकाठ भरा. प्लग काढून किक मारत राहा. क्रँकच्या टोकासमोर टायमिंग कव्हरवर जो प्लग आहे तो थोडा सैल करून तिथून ऑइल पाझरतंय का बघा. नुसतं वर रॉकरला ऑइल दिसलं म्हणून समाधान मानू नका. रॉकरला जातं ते परतीच्या पंपाचं ऑइल, त्यावरून बिग एंडचं काही कळत नाही.

चालू झाल्यावर पहिलं ऑइल 100-150 किलोमीटरलाच बदला. पहिले 800 किलोमीटर 50-60 च्या पुढे नको. वरच्या गिअरमध्ये दम कोंडूनही चालवू नका, चढाला आधीच गिअर खाली घ्या.

कागदांचंही एक. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी, चासी-इंजिनात मोठे बदल नसतील तर, व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी 2028 मध्ये तिथे पोचते. अशी नोंदणी केली तर रोजच्या वापराला बंधनं येतात, तेव्हा करायची की नाही ते घरी ठरवा. पण मार्ग मोकळा राहावा म्हणून मूळ क्रँककेस, मूळ बोअर आणि नंबर जपा. आतला रोलर कुणाच्या डोळ्यावर येत नाही, कापलेली केस येते.

हेड आणि बोअर काढलात की बोअरचं माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, दोन्ही दिशांना घ्या, आणि रॉडला वर-खाली खेळ आहे की नाही ते इथेच खाली लिहा. त्यावरून कुठला ओव्हरसाइझ घ्यायचा आणि क्रँक उघडायचा की नाही ते सांगतो.