उचललेला मजकूर: टक्के मोजायचे की वाक्यं वाचायची?

प्रश्न: टर्निटिन या मजकूर इतरत्र जुळतो का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला ३८ टक्के आले, दुसऱ्याच्या ९. पहिल्याला शून्य द्यावं का?

एवढ्यावरून देऊ नका. तो आकडा जुळणाऱ्या मजकुराचा आहे, चोरीचा नाही. संदर्भसूची, अवतरणं, तुम्हीच दिलेला प्रश्न, सगळ्या वर्गाचं सारखं मुखपृष्ठ, हे सगळं त्यात धरलं जातं. फिल्टरमधून संदर्भसूची, अवतरणं आणि आठ-दहा शब्दांहून लहान जुळण्या वगळा. मात्र अहवाल दोन्ही प्रकारे पाहा, कारण अख्खा परिच्छेद अवतरणचिन्हांत टाकून तो लपवणारेही असतात. मग आकडा विसरून रंगवलेला मजकूर वाचा. ३८ टक्के तीस ठिकाणच्या फुटकळ शब्दगटांचे असू शकतात आणि ९ टक्क्यांत एकाच लेखातून उचललेला सलग निष्कर्ष सापडू शकतो. तसं असेल तर दुसऱ्यालाच आधी बोलवा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. कच्चा मसुदा टर्निटिनच्या साठ्यात, म्हणजे पुढच्या तुलनेसाठी ठेवलेल्या लेखनात, जमा झाला असेल, तर अंतिम प्रत त्याच्याशीच जुळते आणि आकडा शंभराकडे जातो. मसुदे तपासताना ते साठ्यात न ठेवण्याचा पर्याय निवडा.

प्रश्न: आमच्याकडे असं सॉफ्टवेअर नाही आणि निबंध मराठीत असतात. कसं ओळखावं?

आधी कानाने. ‘पाण्यात घाण जाते म्हनून मासे मरतात’ असं लिहिणारा पुढच्याच ओळीत ‘जलीय परिसंस्थेतील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटल्याने’ असं लिहू लागला, की तिथे पेन्सिलची खूण करा. त्या वाक्यातले सलग सहा-आठ शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. पारिभाषिक शब्दांपेक्षा लेखकाची खास शब्दजुळणी निवडा. काही सापडलं नाही तर चार शब्दांवर या, कारण मराठीत एका अनुस्वाराने किंवा ऱ्हस्व-दीर्घाने शोध हुकतो. स्कॅन केलेली पानं आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर शोधात बहुधा येतच नाही. म्हणजे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘स्वतः लिहिलं’ असा होत नाही.

‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ अशी वाक्यं वारंवार आली, तर मूळ लेखन इंग्रजीत असण्याची शक्यता धरा. परिच्छेदाचं इंग्रजी भाषांतर करून त्यातले मुख्य शब्द अवतरणचिन्हांशिवाय शोधा. फाइलही बोलते: मध्येच राखाडी पार्श्वभूमी, वेगळा फाँट, सूची नसताना कंसातले संदर्भ-आकडे. फाइलच्या गुणधर्मांत संपादनाचा एकूण वेळ दिसतो. पण मुलांनी मोबाइलवर टाइप करून मजकूर आणून चिकटवला, तरी तो वेळ थोडाच दिसेल. त्यावर निकाल लावू नका.

प्रश्न: एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या साधनांवर विसंबावं का?

पुरावा म्हणून नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला आणि माणसाने लिहिलेल्यातला ९ टक्के एआयचा ठरवला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतलं. ९ टक्के म्हणजे साठ प्रामाणिक मुलांच्या वर्गात पाच-सहा जणांवर आळ. साधनं पुढे बदलली, पण खोटा आळ येण्याचा धोका गेलेला नाही.

त्यापेक्षा संदर्भ तपासा. डीओआय क्रमांक (प्रकाशित लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून पाहा. एआय अनेकदा खऱ्या वाटणाऱ्या लेखकांचे नसलेले लेख रचतं. मसुद्याचा बदल-इतिहास मागा. संशय दाट असेल तर त्या विद्यार्थ्याच्याच लेखनातला २०० शब्दांचा उतारा घ्या, दर पाचवा शब्द गाळा आणि त्या चाळीस जागा भरायला सांगा. (ही गाळलेल्या शब्दांची पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली, तीही उतारा वाचायला किती सोपा आहे हे मोजायला.) तोच कागद वर्गातल्या दोघा-तिघांनाही द्या. ज्याने लिहिलं तो त्यांच्याहून बराच पुढे असायला हवा. नसेल तर दहा मिनिटं बोला: ‘हा शब्द इथे का?’, ‘हा आकडा कुठून आला?’

प्रश्न: मुळात हे घडूच नये म्हणून काय करावं?

प्रश्न बदला. ‘जलप्रदूषणावर निबंध लिहा’ याची तयार उत्तरं ढिगाने मिळतात. त्याऐवजी दोन ठिकाणच्या पाण्याच्या नोंदींचा तक्ता द्या आणि कोणत्या महिन्यात प्राणवायू घटला, का घटला, कोणती नोंद संशयास्पद वाटते, हे विचारा. २० गुण असतील तर ३ संदर्भांच्या यादीला, ४ कच्च्या मसुद्याला, १० अंतिम लेखनाला आणि ३ तोंडी उत्तरांना ठेवा. आदल्या रात्री उचललेल्या मजकुराला कच्चा मसुदा नसतो.

आणि एक तास स्वतःच्या शब्दांत मांडायला शिकवा: उतारा वाचा, पुस्तक मिटा, लिहा, मग मुळाशी ताडून पाहा. चार शब्द बदलून वाक्यरचना तीच ठेवणारे बरेच जण चोर नसतात. त्यांना हे कोणी शिकवलेलंच नसतं. शब्द आपले झाले तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर संदर्भ द्यावाच लागतो, हेही याच तासात सांगा.

प्रश्न: दोन उत्तरपत्रिका तंतोतंत सारख्या आहेत. कोणी कोणाची उतरवली?

बरोबर उत्तरं सारखी असणं साहजिक आहे. सारख्या चुका शोधा. दोघांनी एकच ओळ गाळली असेल किंवा एकच आकडा उलटा लिहिला असेल, तर मजकूर एकच आहे. मूळ कोणाचं, हे कच्च्या कामावरून ठरवा, आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारा.